घंगाळातले देव

माझं आणि देवाचं पहिल्यापासून वाकडं. जुन्या जालन्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वडील धान्याच्या आडतीवर मुनीम होते. शाळेच्या वाटेवर मारुतीचं देऊळ लागायचं. बाकीच्या मुली चपला काढून हात जोडायच्या, मी चालता चालता त्याला बोलून घ्यायचे. "काल गणितात तोंडघशी पाडलंस ना? आता तेल माग म्हणजे सांगते." आई डोक्याला हात लावायची. ही कार्टी सासरी काय दिवे लावणार, म्हणायची.

सासर मिळालं टेंभुर्णीजवळच्या एका लहान गावात, आणि ही खोड माझ्याबरोबर तिकडं आली. चुलीपुढं, विहिरीवर, गोवऱ्या थापताना, मी देवाला अरेतुरे करून सुनावत असायचे. भाकरी करपली तर तो जबाबदार, ओली लाकडं पेटली नाहीत तर तो जबाबदार. मला कुणी भाविक म्हटलं असतं तर मी तोंडावर हसले असते. पण दिवसभरात मी त्याच्याशी जेवढं बोलायचे तेवढं नवऱ्याशीही बोलत नव्हते, हेही खरंच आहे. नवरा स्वभावानं गरीब. त्याच्याशी भांडण टिकायचंच नाही, दुसऱ्या वाक्याला तो "बरं, तुझं खरं" म्हणून मोकळा व्हायचा.

सासूची तऱ्हा अगदी उलटी. ती देवाला अहो-जाहो करायची. खंडोबाच्या आणि भवानीच्या टाकांना करायची ते एक वेळ समजू शकते, पण आमच्या देवघरात रांगता बाळकृष्ण होता, बोटभर उंचीचा, हातात लोण्याचा गोळा, त्यालाही अहो. "अहो, उठा आता, उन्हं आली." मी पदराआड तोंड लपवून हसायचे. ती तरण्या वयात विधवा झालेली, मांडीवर एक मूल. सासरा मी पाहिलाच नाही. भाऊबंदांनी त्रास दिला, शेत एकटीनं केलं, पण सकाळी देवांना न्हाऊ घातल्याशिवाय तिनं कधी चहाचा घोट घेतला नाही. मला आत्याबाई म्हणायची सवय लागली ती तिच्याकडं बघूनच, नाहीतर माझ्या तोंडी आदर जरा कमीच.

बहात्तरला पाऊस पडला नाही. आदल्या सालीही त्यानं हात आखडताच घेतला होता. त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तोवर गावातल्या विहिरींना तळ दिसायला लागला होता. सगळं गाव दुष्काळी कामावर जायला लागलं. माझा नवरा वाटूरकडच्या रस्त्याच्या कामावर होता, आठवडाभर तिकडंच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. मी गावाजवळ खडी फोडायला जायचे. खायला तांबडा मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी ज्वारी, त्याची भाकरी घशाखाली उतरवायला पाणी लागायचं, आणि पाणीच तर नव्हतं. टँकर येऊन गावच्या विहिरीत पाणी सोडायचा. तो आला की सगळ्या बाया दोर-बादल्या घेऊन धावायच्या, धक्काबुक्की व्हायची, आणि बघता बघता विहीर पुन्हा कोरडी. मग कुणी आत उतरून वाटीनं खरवडून गढूळ पाणी काढायचं.

अशातही सासूची पूजा चालू होती. आधी तांब्याभर पाणी, मग फुलपात्रभर, मग नुसती पळी. तुळस जळून गेली, फुलं मिळेनात, तेव्हा ती बाभळीचा पाला वाहायची. पाणी घ्यायची ते आपल्या पिण्यातलं. मला ते कळलं तसा माझा पारा चढला.

"त्यांना रोज कशाला आंघोळ? माणसांनी तोंड धुवून किती दिवस झाले बघा."

"माणसं विहिरीवर जातील, झिऱ्यावर जातील," ती म्हणाली. "ते कुठं जातील बाई? जागचे हलत न्हाईत ते."

मी देवाकडं वळून म्हटलं, ऐकतोस ना रे, तुझ्यापायी म्हातारी कोरडी पडलीय.

माझी लेक तेव्हा वर्षाची व्हायची होती. माझं दूध उन्हानं आणि उपासमारीनं आटत चाललं होतं, तरी रात्रीपुरतं यायचं. दिवसा ती आजीपाशी राहायची. एका दिवशी मी खडीवरून आले तर सासू दारातच उभी. पोरीला सकाळपासून उलट्या आणि जुलाब. दुपट्याला दुसरं दुपटं लावून झालं होतं आणि धुवायला पाणी नव्हतं म्हणून ती सगळी उन्हात टाकली होती. मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि तशीच टेंभुर्णीच्या दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरांनी पुड्या दिल्या. तिथली नर्स वयस्कर होती, तोंडानं फटकळ, माझ्यासारखीच. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. मग मला म्हणाली, "औषध राहू दे बाजूला. पाणी उकळायचं, गार करायचं, त्यात चिमूट मीठ आणि गूळ. चमच्यानं पाजत राहायचं. ओकली तर थांबायचं जरा, पुन्हा पाजायचं. जेवढं बाहेर जातं तेवढं आत गेलं पाहिजे. पाणी तोडलंस तर लेकरू हातचं जाईल."

"पाणी कुठून आणू बाई?"

तिनं उठून दवाखान्यातली रिकामी बाटली घेतली, आपल्या माठातलं पाणी तिच्यात भरलं आणि माझ्या हातात दिली. परतीच्या वाटेवर मी ती बाटली पोरीपेक्षा जपून धरली होती.

घरी आले तर देवघर रिकामं. कोपऱ्यात तांब्याचं लहान घंगाळ ठेवलेलं, त्यात कळशीभर पाणी आणि पाण्याच्या तळाशी आमचे सगळे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन्ही टाक. सासूनं देव पाण्यात ठेवले होते.

आमच्याकडं हा शेवटचा उपाय. माणसाच्या हातात काही उरलं नाही की देवांना पाण्यात ठेवायचं आणि सांगायचं, आमचं काम होईस्तोवर तुम्ही इथंच. देव बुडलेले राहिले पाहिजेत. पाणी आटलं, देवाचं डोकं उघडं पडलं, की मागणं मोडलं. आणि काम व्हायच्या आत कुणी हातानं बाहेर काढले तर मग विचारायलाच नको, मागितलेलं तर जातंच, वर देवाचा कोप. शेजारीण दारात उभी राहून म्हणत होती, "लेकीसाठी कुणी देव पाण्यात घालतं का? मुलगा असता तर गोष्ट येगळी." सासू तिच्याकडं न बघता म्हणाली, "माही नात हाय. तुला काय करायचं?"

मी पहिल्यांदा पाणीच बघितलं. मी दवाखान्यात असताना टँकर येऊन गेला होता आणि त्याचं जे मिळालं ते सगळं त्या घंगाळात होतं.

"आत्याबाई, एवढं पाणी!"

"राहू दे. उद्या टँकर येतोय."

मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी घेतलं नाही. खरं सांगायचं तर मलाही धीर आला. तो आहे असं वाटत होतं म्हणून तर माझं त्याच्याशी भांडण होतं. आणि हातात बाटली होती, उद्या टँकर येणार होता. मी चमचा घेतला आणि पोरीला पाजायला बसले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. का आला नाही ते कुणाला सांगता येईना. त्याच्या पुढच्या दिवशीही आला नाही. बाटली संपली, माझं दूधही पार आटलं. मी पेला घेऊन दारोदार गेले. लोकांनी दिलं, नाही असं नाही. एकीनं अर्धा पेला दिला, एकीनं दोन घोट. एका घरी मी गेले तर आतून कडी लागली. त्या बाईच्या जागी मी असते तर मीही लावली असती, घरात तिचीही तीन पोरं तोंडं सुकवून बसली होती. मग नदीच्या वाळूत झिऱ्यावर गेले. तिथं आधीच बाया बसलेल्या. वाळू उकरायची आणि पाझर साठायची वाट बघायची. माझी पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि हाताला लागला तो चिखल. पदरातून गाळला तर पेल्याच्या बुडाशी काय ते पाणी. तेही उकळून पाजलं. पाजलं तेवढं पोरीनं काढून टाकलं.

घंगाळातलं पाणीही उन्हानं कमी होत होतं. सासू दर थोड्या वेळानं वरचं ओलं फडकं उचलून बघायची. खंडोबाचा टाक टेकवून ठेवलेला, त्याच्या वर आता जेमतेम दोन बोटं पाणी होतं. ती स्वतः पाण्याला शिवत नव्हती. तिचे ओठ फुटले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी रडायची थांबली. आईला लेकराचं रडणं नकोसं होतं, पण ते थांबलं तेव्हा मी हातातलं टाकून तिच्याकडं धावले. डोळे खोल गेले होते. टाळूवर खळगा पडला होता, बोट ठेवलं तर आत जाईल असा. जीभ लाकडासारखी कोरडी. मी तिला हलवलं, नावानं हाक मारली, गालावर टिचक्या मारल्या. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं न बघता परत मिटले.

मी पोरीला खाली ठेवलं आणि घंगाळापाशी गेले. सासूनं माझं मनगट धरलं. तिच्या अंगात एवढी ताकद होती हे मला माहीत नव्हतं.

"काय करून राह्यलीस?"

"पाणी घेते."

"देव उघडे पडतील."

"पडू द्या."

"अगं येडे, अर्ध्यातून काढले तर लेकरू जाईल!"

"आणि न्हाई काढले तर आत्ता जाईल! बघा तिच्याकडं. बघा एकदा!"

मी किंचाळत होते. देवालाही त्याच दमात बोलत होते, काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सासूनं पोरीकडं बघितलं. मग माझं मनगट सोडलं.

"तू हात लावू नको," ती म्हणाली. "तुला लेकरू वाढवायचंय. जे काय लागायचं ते मला लागू दे. मी काढते."

तिनं पदर कमरेला खोचला आणि एकेक देव बाहेर काढला. प्रत्येकाला पदरानं पुसलं आणि पाटावर ठेवलं. अन्नपूर्णा तेवढी दोनदा निसटून पुन्हा पाण्यात पडली. शेवटी बाळकृष्णाला काढलं, त्याला पाटावर ठेवलं आणि पाटाकडं पाठ करून भिंतीशी जाऊन बसली.

मी ते पाणी गाळलं, उकळलं, मीठ-गूळ घातला. ते गार होईना म्हणून पोळत्या पातेल्याला पदरानं वारा घालत बसले. मग चमचा, चमचा, चमचा. पोरगी गिळेना. पाणी ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. मी बोटानं गाल आत दाबून घोट उतरवत होते. मधेच एकदा ओकली. थांबले, पुन्हा सुरू केलं. उन्हं उतरली तरी मी जागची हलले नव्हते. संध्याकाळी, अजून उजेड होता, माझ्या मांडीला ऊब लागली. पोरीनं शू केली होती. मी ते ओलं लुगडं हातात धरून ढसाढसा रडले. "आत्याबाई, मुतली हो!" मी ओरडले.

सासूनं मान हलवली. जवळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पोरगी हळूहळू सावरली. आठवडा जाता जाता बसायला लागली, मिलोची पेज गिळायला लागली. एरवी एवढं झाल्यावर घरात साखर वाटली असती. आमच्याकडं दुसरंच सुरू झालं होतं.

देव पाटावर तसेच होते, वरून धूळ बसत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, देव बसवा की आता. पोरगी बरी झाली."

"कोणत्या तोंडानं बसवू?"

"अहो, झाली ना बरी!"

"त्यांनी केली बरी. मी त्यांना अर्ध्यातून उठवलं, तरी बी केली. मंग आता मी त्यांच्यापुढं कशी जाऊ?"

ती देवांना हात लावत नव्हती. हात लावायचा नाही म्हणजे पूजा नाही. आणि पूजा नाही म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या नेमाप्रमाणं तोंडात घास नाही. हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले, कारण मी पोरीच्या मागं होते. भाकरी वाढली की ती बाजूला सारायची. मी म्हटलं, मी करते पूजा. केली. गंध आधी लावलं, पाणी नंतर घातलं, टाक उलटा ठेवला. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुही पूजा तुला लागू. माह्या पोटात कशी जाईल?" मी ओरडले, रडले, हातापाया पडले, तेव्हा कुठं दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी चिमूटभर तोंडात टाकायची आणि तीही गिळता गिळता ठसका लागायचा. दुष्काळानं आधीच हाडं राहिली होती. आठ-दहा दिवसांत उठून बसणं जड झालं.

याहून वाईट म्हणजे ती पोरीला शिवेना. रांगत रांगत आजीकडं जायची पोर, आणि आजी अंग चोरून भिंतीला चिकटायची. "ने तिला. माह्यापाशी नको. माह्या हातून परत नेतील ते." पोरगी तिच्या लुगड्याचा काठ धरून ओढायची, बोबडं काहीतरी बोलायची, आणि ही डोळे गच्च मिटून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं.

त्या दिवसांत मी देवाला सोडलं नाही. भाकरी थापता थापता म्हणायचे, अरे निर्लज्जा, तुझ्यासाठी स्वतःच्या तोंडचं पाणी तोडलं तिनं. सोन्यासारखं माणूस झिजून चाललंय आणि तू धूळ खात बसलायस. तुला एवढंसं कळत नाही? मला काय म्हणायचं ते म्हण, मी काढायला लावले, माझं काय वाकडं करायचं ते कर. म्हणायचे आणि पोरीकडं बघून जीभ चावायचे. भीती मलाही होतीच.

नवरा शनिवारी आला. मधल्या शनिवारी तो आला नव्हता, कामावर ताप भरला होता म्हणून तिथंच राहिला होता. आईची दशा बघून तो हादरला. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, समजावलं, कण्या शिजवून घास तोंडाशी धरला. ती नुसती मान हलवायची. त्या माणसानं आयुष्यात कधी देवाला हात जोडले नव्हते. वाईट बोलायचा नाही, पण देवघरापुढून जाताना भिंतीपुढून गेल्यासारखा जायचा. आई गेली तर काय, या विचारानं त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

रविवारी सकाळी तो तिच्या उशाशी जाऊन बसला.

"माय, आज पहाटं मला दृष्टांत झाला. बाळकृष्ण सपनात आल्ता."

मी चुलीपुढं होते. मी वळून बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे तिला माहीत होतं तसं मलाही माहीत होतं. पण ती पडल्या पडल्या छताकडं बघत होती.

"काय म्हणले?" ती म्हणाली. आवाज एकदम वेगळा. ती कोपरावर उठायला बघत होती.

"म्हणला, तुह्या मायला सांग, मी बिलकुल रागावलो न्हाई. तिला जेवायला सांग."

"असं म्हणले?"

"असंच म्हणला."

"तुला नावानं हाक मारली?"

"हो. नावानं."

मला वाटलं, सुटलो. मी झटकन भाकरी ताटलीत घेतली. मनात म्हटलं, हा गरीब माणूस कधी नव्हे ते शहाण्यासारखा वागला. ताटली घेऊन वळले तर सासू परत आडवी झालेली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुह्याशी बोलले. तू कधी एक फूल वाह्यलं न्हाईस बाबा, पण तुह्याशी बोलले. मी या घरात आले तव्हापासून रोज त्यांच्यापुढं बसले. तुहा बाप गेला त्या दिवशी बसले. तू आजारी व्हतास तव्हा बसले. एक शब्द बोलले न्हाईत कधी. मला वाटायचं, बोलत नसतील. देव कुठं बोलतो. म्हणून माही काई तक्रार नव्हती." ती दम घेत थांबली. "आता कळलं. बोलता येतं त्यांना. माह्याशीच बोलायचं न्हाई."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर दुपारपर्यंत तिनं पाणीही घेतलं नाही.

नवरा ओट्यावर जाऊन बसला. मी त्याच्या मागोमाग गेले.

"आत जा आणि खरं सांग."

"कसं सांगू? देवाच्या नावानं पोरगा खोटं बोलला हे कळलं तर तिथंच जीव सोडंल ती."

"आणि न्हाई सांगितलं तर? देवानं टाकली म्हणून सोडंल."

"मी चांगल्यासाठीच बोललो गं," तो म्हणाला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याची पाठ हलताना दिसली आणि मी परत आत आले.

दुपार होती. पोरगी झोपली होती. सासूचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी तिच्याजवळ बसले. कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"आत्याबाई, पोरीचे बाबा खोटं बोलले. सपन-बिपन काही पडलं न्हाई त्यांना."

ती भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाली, "कामून बोलला?"

"तुम्ही जेवावं म्हणून."

बाहेर ओट्यावर नवऱ्याला सगळं ऐकू जात असणार. मग तिनं मान माझ्याकडं वळवली.

"तुह्याशी बोलतात का ते? खरं सांग. तू एवढी भांडतीस."

"न्हाई."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई. एवढं बोलले त्याला, लाकूड असतं तर पेटलं असतं. हूं की चूं न्हाई."

"मंग कामून भांडतीस?"

"दुसऱ्या कुणाशी भांडू? तुमचं पोरगं तर भांडत बी न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. ती हातावर रेटा देऊन उठायला लागली. "मला बसव," म्हणाली. मी तिला मागून धरून बसवलं. तिच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या. "तिकडं तोंड कर माहं." मी तिला पाटाकडं वळवली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा देवांकडं बघत होती.

"मला बी भांडायचंय," ती म्हणाली. "कसं भांडतीस तू? सांग बरं."

"आधी अरे म्हणायचं."

"मंग?"

"मंग म्हणायचं, तुला लाज न्हाई वाटत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळले. मग तिनं पाटाकडं बघितलं. ओठ हलले. अरे म्हणायचा तिनं खरोखर प्रयत्न केला, मी तिला धरून बसले होते, मला तिच्या छातीतून ते कळत होतं. नाही जमलं.

"अहो," ती म्हणाली. मग थांबली. मग एकदम लहान आवाजात, "लई तहान लागली का हो तुम्हाला? मी पाणी काढून घेतलं तुमचं. लेकराला पाजलं."

आम्ही दोघी थांबलो. ती मान जराशी पुढं करून ऐकत होती, आणि खरं सांगते, मीही ऐकत होते. आयुष्यभर त्याला बोलले, पण त्यानं उत्तर द्यावं म्हणून कान कधी दिला नव्हता. त्या दुपारी दिला. बोल रे, मी मनात म्हणत होते. खोटं का होईना, बोल. पाटावर बाळकृष्ण होता, गुडघा पुढं टाकलेला, तोंडावर धूळ. बाहेर नवरा खाकरला. पोरगी झोपेत कण्हली. बाकी काही नाही.

माझा धीर सुटला. हिला हे कशाला करू दिलं असं झालं. "आत्याबाई..." मी म्हणायला लागले.

"गप," ती म्हणाली. अजून ऐकतच होती. मग तिनं लांब श्वास सोडला आणि तिचं सगळं अंग माझ्या हातांत सैल पडलं. मी घाबरून तिच्या तोंडाकडं बघितलं. ती रडत होती, पण सकाळसारखं नाही.

"न्हाई बोलले," ती म्हणाली. "पहिल्यावानीच हायेत."

तिनं हात लांब केला, बाळकृष्णाला उचललं आणि पदराच्या टोकानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली.

"तामण आण जल्दी. आन पळीभर पाणी. यांचं झालं की मला भाकर दे, लई भूक लागली."